बिनटाक्याचं ऑपरेशन

"दिसलं ना?" हातवाल्यांनी विचारलं.

"दिसलं!" अख्खा हॉल ओरडला.

"मागच्या रांगेला? नीट दिसलं ना?"

"दिसलं!" मागची रांग पुढच्या रांगेपेक्षा मोठ्यांदा ओरडली. मागच्या रांगेला हातवाल्यांच्या पाठीखेरीज काहीही दिसत नव्हतं. पण एवढ्या लांबून येऊन, एवढा वेळ ताटकळून, 'नाही दिसलं' असं कोण म्हणणार?

टेबलावरचा जाडजूड गृहस्थ उठून बसला आणि शर्टाची बटणं लावू लागला. त्याच्या पित्ताशयात खडा होता म्हणे. आता तो खडा काचेच्या वाडग्यात, लालभडक पाण्यात पडला होता आणि गृहस्थाच्या पोटावर ना चीर, ना टाका, ना डाग. एका बाईने तोंडात बोट घातलं, दुसरी मुसमुसू लागली. पांढरे कोट घातलेल्या दोन मदतनिसांनी वाडगा पहिल्या रांगेसमोरून भराभर फिरवला आणि आत नेला. वाडगा कधीही कोणाच्या हातात देत नसत. आतली कंपनं अजून ताजी असतात, असं त्याचं कारण होतं.

फर्निचरच्या दुकानावरचा हा हॉल दर रविवारी असा फुलून जायचा. जिन्यात चपलांचा ढीग, हॉलमध्ये पॉलिशचा वास आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मावेल तेवढं दुखणं. हातवाल्यांचं खरं नाव कोणी कधी विचारलंच नव्हतं. बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, दोन्ही रिकामे तळवे लोकांपुढे धरलेले आणि चेहऱ्यावर झकास झोप झालेल्या माणसाचं हसू.

"मी डॉक्टर नाही," ते सांगत. आवाज कसा, तर गोड. "डॉक्टर कापतात. मी समजावतो. गाठ म्हणजे काय हो? रुसलेली पेशी. घरातलं माणूस रुसलं तर आपण त्याला सुरी दाखवतो का? नाही ना? समजूत काढतो. मी तिला एवढंच म्हणतो, चल गं बाई, पुरे झालं, ये बाहेर. आणि ती येते. हे विज्ञानच आहे. परदेशात यावर मोठमोठी संशोधनं चालू आहेत."

परदेशात म्हणजे नक्की कुठे, ते हातवाले सांगत नसत आणि विचारायची कोणाची टाप नव्हती.

तिसऱ्या रांगेत भिंगरीची आई बसली होती. मांडीवर पाच वर्षांची भिंगरी. एका जागी कधी टिकायची नाही म्हणून घरात तिला हे नाव पडलेलं. आज मात्र ती मुकाट बसली होती आणि तिच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती, कारण टोपीखाली एकही केस उरला नव्हता. आईच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नणंद. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि तरीही ती बसून होती. तिला सगळ्यात जास्त राग याचाच येत होता.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. समोरच्या पाटीवरची अक्षरं गिऱ्हाइकाकडून वाचून घ्यायची आणि डोळ्यांपुढे भिंगं बदलत नंबर काढायचा, हे तिचं काम. या कामाचा एक नियम असतो: सांगायचं नाही, विचारायचं. 'आता स्पष्ट दिसतंय ना?' असं विचारलं की दहातले नऊ जण 'हो' म्हणतात. काहींना तपासणाऱ्याचं मन मोडवत नाही, काहींना आपण अडाणी ठरू अशी भीती वाटते. म्हणून 'दिसतंय ना' हा शब्द तिथे काढायचाच नाही. 'काय दिसतंय?' एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. अशा माणसाला या हॉलमध्ये बसवलं तर त्याचं डोकं फिरणार नाही तर काय होणार?

पण ती बसली होती, आणि ती कशी बसली हे सांगितलं पाहिजे.

आंघोळीच्या वेळी भिंगरीच्या पोटाला साबण लावताना आईच्या हाताला उजव्या बाजूला काहीतरी टणक लागलं. भिंगरीला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. पोट साफ नसेल म्हणून आईने आधी दोन दिवस पपई खाऊ घातली. मग सोनोग्राफी झाली, मग मोठ्या मशीनमधली तपासणी झाली आणि लहान मुलांच्या कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना खोलीत बसवून दार लावून घेतलं.

"याला विल्म्स ट्यूमर म्हणतात," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंडाचा, म्हणजे किडनीचा कॅन्सर. लहान मुलांना होतो."

आईचा पहिला प्रश्न ठरलेला होता. "माझं काय चुकलं?"

"काही नाही. खाण्यापिण्याने होत नाही, पडण्याने होत नाही, कोणाच्या नजरेने होत नाही. पोटात असताना मूत्रपिंड घडतं, तेव्हाच्या काही पेशी मोठ्या व्हायच्या राहतात आणि नंतर भलत्याच वाढत सुटतात. तुम्ही काहीही केलं असतंत तरी हे टळलं नसतं. आता चांगली गोष्ट ऐका. हा बरा होणारा कॅन्सर आहे. बहुतेक मुलं बरी होतात, शाळेत जातात, मोठी होऊन आईबापांशी भांडतात. आधी काही आठवडे औषधं देऊन गाठ लहान करायची. मग ती किडनी गाठीसकट अख्खी काढायची. मग पुन्हा औषधं. माणूस एका किडनीवर छान जगतो."

आणि मग त्यांनी आवाज चढवला. "फक्त एक लक्षात ठेवा. हिचं पोट कोणीही दाबायचं नाही. आम्ही डॉक्टरसुद्धा उगाच हात लावत नाही. गाठीभोवतीचं आवरण पिकल्या टोमॅटोच्या सालीएवढं पातळ असतं. ते फुटलं तर पेशी पोटभर सांडतात आणि सगळं अवघड होऊन बसतं."

वॉर्डात भिंगरीच्या खाटेवर नर्सने लाल अक्षरांत पाटी लावली: 'पोट दाबू नये.' भिंगरी प्रत्येक येणाऱ्याला ती पाटी वाचायला लावायची, स्वतःला वाचता येत नसूनही.

औषधं सुरू झाली. केस गेले. जबडा दुखायचा म्हणून खाणं सुटलं, पाऊल नीट उचलता येईना, शौचाला बसलं की रडारड. आणि या सगळ्या हालांतून गाठ लहान होत गेली. जे औषध पोरीला छळत होतं तेच गाठीला जाळत होतं.

नेमक्या याच दिवसांत, आई दुकानात असताना, नणंदबाईंनी भावाला आणि भिंगरीला हातवाल्यांकडे नेलं. त्यांची धरलेली कंबर हातवाल्यांनी सोडवली होती. भिंगरीच्या बापाला पटवायला फार वेळ लागला नाही. तो छापखान्यात मशीन चालवणारा, अंगाने दांडगा, पण ऑपरेशन म्हटलं की त्याच्या काळजाचं पाणी व्हायचं. त्याचे वडील 'साधं ऑपरेशन आहे' असं ऐकत आत गेले होते आणि परत आले नव्हते. हातवाल्यांनी भिंगरीच्या डोक्यावर नुसता हात ठेवला आणि सांगितलं, "औषधं चालू ठेवा हं. मी कोणाचं काही बंद करायला सांगत नाही."

केवढा मोठेपणा! औषध हॉस्पिटलने द्यायचं, हाल पोरीने सोसायचे आणि गाठ आकसली की श्रेय यांच्या हाताला. पुढची सोनोग्राफी झाली तेव्हा नवरा आनंदाने घरभर फिरला. "पाहिलंस? निम्मी झाली! अगं, निम्मी!"

"औषधांनी झाली," आई म्हणाली.

"औषधांनी झाली असेल. पण हात ठेवल्यावरच झाली ना?"

कपाळ! ऑपरेशनची तारीख बुधवारची ठरली आणि हातवाल्यांनी आदल्या रविवारचा मुहूर्त काढला. उरलेली गाठ ते सर्वांसमक्ष बाहेर काढणार होते, म्हणजे बुधवारची गरजच नाही. घरात तीन दिवस रणकंदन झालं. शेवटी नवरा म्हणाला, "एक रविवार जाऊ दे. मग मी बुधवारी मुकाट सही करतो." आईने अट घातली: पोटाला हात लागता कामा नये. नवऱ्याने शब्द दिला. हातवाल्यांनीही दिला. "बोटसुद्धा लावणार नाही, ताई. मी वरून वरून समजावतो."

थकलेल्या माणसाला शब्द पुरतो. तिलाही पुरला.

"आता आपली छोटी पाहुणी," हातवाले म्हणाले. "आईवडिलांनी दोरीच्या अलीकडेच थांबायचं. आईची माया आड आली की कंपनं तुटतात."

मदतनिसाने भिंगरीला उचलून टेबलावर झोपवलं, टोपी काढली. ते इवलंसं चकाकतं डोकं पाहून हॉल हळहळला आणि हातवाल्यांनी ती हळहळ पुरेपूर मुरू दिली. मग तळवे दाखवले. मदतनिसाने कापसाचा मोठा बोळा दिला. हात पोटाच्या वर फिरू लागले, एकदा, दोनदा.

आणि मग ते खाली आले.

पहिल्या रांगेतून किंचाळी आली, कारण बोटं पोटात शिरताना दिसली. बोटांची पेरंच्या पेरं आत गेली, लाल पाणी वाहू लागलं. "दिसतंय ना?" "दिसतंय!" आई केव्हाच दोरीपाशी पोचली होती. "दाबू नका! अहो, दाबू नका तिचं पोट! शब्द दिला होता!" दुसऱ्या मदतनिसाने तिचे दोन्ही दंड धरले. मागून कोणी म्हणालं, "बाई, गप्प बसा, पोरीचं चाललंय ते बिघडवाल." नवरा डोळे मिटून हात जोडून उभा होता. तेवढ्यात एक काळपट, ओलसर गोळा वाडग्यात पडला आणि हॉलने छत डोक्यावर घेतलं.

नवरा हमसून हमसून रडला. नणंदेने त्याला जवळ घेतलं. आईने कोणाकडेही पाहिलं नाही, पोरीला उचललं आणि जिना उतरली.

घरी येईपर्यंत तीन शेजारणी, एक दुकानदार आणि खुद्द आत्या अशा सगळ्यांनी भिंगरीला एकच विचारलं: "बरं वाटतंय ना आता?" भिंगरीने मान डोलावली. पाच वर्षांचं पोर मोठ्या माणसांना दुसरं काय सांगणार?

आईने तिला पलंगावर झोपवलं, रक्ताळलेला फ्रॉक बदलला आणि शेजारी बसली. नवरा दारात उभा होता. आत आनंद मावत नव्हता आणि बायकोच्या तोंडाकडे पाहून तो दाखवायची छाती होत नव्हती.

"भिंगरे," आईने विचारलं, "तिथे काय दिसलं?"

मग ती गप्प बसली. दुकानात बसते तशी.

"त्या काकांचा अंगठा खोटा आहे," भिंगरी म्हणाली.

नवरा हसला. "अगं, काहीतरीच..."

"तुम्ही बोलू नका," आई म्हणाली. "मग?"

"टोपीसारखा आहे. तो दाबला की त्यातून लाल येतं."

"आणि?"

"आणि कापसात तो गोळा होता. आधीपासून. घाण वास येत होता. वरून नाही दिसत. मी खाली होते ना, मला दिसलं."

"बोटं?"

"बोटं आत नाही गेली काही. त्यांनी अशी केली." भिंगरीने आपली बोटं मधल्या पेरात दुमडली आणि मुठीची हाडं गादीवर रोवली. वरून पाहिलं तर खरंच बोटं गादीत शिरल्यासारखी दिसत होती. "असं केलं आणि खूप जोरात दाबलं. आई, इथे दुखतंय."

दारातला नवरा हलला नाही. आईने फ्रॉक वर केला. पोट फुगलं होतं आणि भिंगरीचे ओठ पांढरे पडत होते.

"तुझी गाठ निघालीय ना पण," नवरा पुटपुटला. ते कोणाला उद्देशून होतं, त्याचं त्यालाही कळलं नसावं.

"गाडी काढा," आई म्हणाली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई धावतच आल्या. पोटावर जेल लावून, जेमतेम टेकवत त्यांनी सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. मग पडदा बापाकडे वळवला.

"ही गाठ. जिथे होती तिथेच आहे. तेवढीच आहे. आणि हे काळं दिसतंय ना भोवताली, ते रक्त आहे. आवरण फुटलंय. हिच्या पोटावर कोणी काय केलं?"

मग बापाने सांगितलं, सगळं, खाली मान घालून. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी हातातला टॉवेल भिंतीवर फेकला.

"जादूच करायची तर टोपीतून ससे काढावेत की! दुमडलेल्या बोटांनी भार देऊन दाबल्याशिवाय तो खेळ जमतच नाही. म्हणजे त्याचा खेळ रंगायला हिची गाठ फुटणं भाग होतं. कळतंय का तुम्हाला?"

बापाला कळत होतं. तो तिथेच जमिनीवर बसला.

रक्त चढवलं, पोरीला सावरलं आणि ऑपरेशन बुधवारची वाट न पाहता उरकावं लागलं. उजवी किडनी गाठीसकट निघाली. भिंगरी वाचली. पण आधी ठरला होता त्यापेक्षा रस्ता लांबला. पेशी पोटात सांडल्या होत्या, म्हणून आता पोटाला रेडिएशनचे किरण द्यावे लागणार होते आणि औषधांत एक लाल औषध वाढलं होतं, ज्याच्यासाठी पोरीचं हृदय पुन्हा पुन्हा तपासावं लागणार होतं. "अजूनही ती बरी होण्याची आशा चांगली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण जे सोसायची गरज नव्हती, ते आता तिला सोसावं लागेल."

नणंद हॉस्पिटलच्या बाकावर बसून रडत होती. "माझी कंबर खरंच दुखायची थांबली होती गं."

"कंबरदुखी येते आणि जाते, ताई," आई म्हणाली. "तुम्हाला बरं वाटलं याचा मला आनंदच आहे. पण त्या कमरेच्या भरवशावर तुम्ही माझी पोर त्याच्या टेबलावर ठेवलीत." नणंदेने मान खाली घातली. आईला तिची कीव आली नाही. नंतर कधी येईल, असं तिला वाटलं, पण त्या दिवशी नाही.

किरणांचा पहिला टप्पा संपून भिंगरी घरी आली, कंटाळली, चिडचिड करू लागली, भिंतीवर खडूने चित्रं काढू लागली. घराला नवे नियम आले. पाणी भरपूर प्यायचं. डोकं दुखलं म्हणून दुकानातून कोणतीही गोळी आणायची नाही, डॉक्टरांना विचारूनच. रक्तदाब बघायचा. ठरलेल्या दिवशी तपासणीला जायचंच, मग पाहुणे येवोत की पाऊस. भिंगरीने एवढंच विचारलं, "मला एकच किडनी आहे, मग शाळेत कोणाला आपली एक द्यावी लागली तर?" बाप खोलीबाहेर जाऊन उभा राहिला.

एके दिवशी तोच म्हणाला, "या रविवारी जायचं. त्याने आपल्या पोरीचा फोटो लावलाय हॉलमध्ये. 'कॅन्सरमुक्त' असं लिहून."

हॉल नेहमीसारखाच भरलेला. आई मागाहून येऊन गर्दीत बसली, नणंद मागच्या दाराकडे गेली. भिंतीवर भिंगरीचा टोपीतला फोटो. हातवाल्यांनी बापाला जिन्याच्या तोंडाशीच ओळखलं आणि त्यांचा चेहरा खुलला. हॉस्पिटलात काय झालं ते त्यांच्या कानावर गेलं नव्हतं. बरं झालं की सांगायला लोक परत येतात. बिघडलं की ते हॉस्पिटलात असतात, नाहीतर त्याहून लांब. त्यामुळे अशा माणसांचं यश सगळ्यांना दिसतं आणि अपयश कोणालाच दिसत नाही.

"हेच ते! त्या गोड मुलीचे वडील!" हातवाल्यांनी त्याला हाताला धरून पुढे आणलं. "सांगा, कशी आहे आपली लेक?"

"घरी आहे. चित्रं काढते," बाप म्हणाला. टाळ्या पडल्या. "माझ्याच पोटात हल्ली फार दुखतं."

हातवाल्यांना याहून सोन्यासारखा पेशंट कुठला मिळणार? बाप टेबलावर आडवा झाला. तळवे दाखवून झाले, कापसाचा बोळा आला, रुसलेल्या पेशीचं कीर्तन झालं. बोटं दुमडून पोटात रुतली आणि लाल थेंब ओघळला.

"दिसतंय ना?"

"दिसतंय!"

"मलाही दिसतंय," बाप टेबलावरून म्हणाला आणि त्याने ते मनगट धरलं.

छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलणारे हात ते. हातवाले कोकलले, मदतनीस धावले, पण तोवर बापाने अंगठा ओढून काढला होता. कातडीच्या रंगाची रबरी टोपी, आतून लाल. दुसऱ्या हाताने त्याने कापसाचा बोळा पिळला आणि त्यातून कोंबडीच्या काळजाचा तुकडा पांढऱ्या चादरीवर पडला.

आई दोरी ओलांडून पुढे आली. तिने ती टोपी चिमटीत धरून उंच केली.

"आता 'दिसलं' असं कोणी म्हणायचं नाही," ती म्हणाली. "काय दिसतंय ते सांगा. मी सांगणार नाही."

मग पहिल्या रांगेतल्या जाड भिंगाच्या म्हाताऱ्या बाई चाचरत म्हणाल्या, "अंगठा... रबरी अंगठा आहे तो."

"आणि चादरीवर?"

"मांस."

"आणि यांच्या पोटावर?"

"काही नाही," बाई म्हणाल्या, आणि मग एकदम संतापून, "काहीच नाही!"

"हा संशयाचा परिणाम आहे!" हातवाले ओरडले. आवाजातला गोडवा कुठल्या कुठे गेला होता. "श्रद्धा नसली की ऊर्जा गोठते! गोठून तिचं रबर होतं! परदेशात..."

मागच्या रांगेत कोणीतरी खो खो हसलं. मग दुसरं हसलं. त्या हसण्यानेच मदतनिसांनी कोट काढले आणि मागच्या दाराची वाट धरली. पण तिथल्या जिन्यात नणंद उभी होती, तिने ते दार अडवून पोलिसांना फोन लावला होता.

पण सगळेच हसत नव्हते. एक गृहस्थ उठून तावातावाने म्हणाला, "ते काही का असेना, तुमची मुलगी बरी होतेय की नाही?"

आई त्याच्याकडे वळली. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडातून बाहेर आलं.

"होतेय. ज्या औषधाने तिचे केस गेले, त्याने होतेय. ज्या सर्जननी तिची किडनी काढली, त्यांच्यामुळे होतेय. गाठ आकसत होती ती औषधाने, हा माणूस शेजारी उभा राहून टाळ्या घेत होता. आणि याने काय दिलं ते ऐका. याने तिची गाठ फोडली. या चादरीवर, तुमच्या सगळ्यांसमोर, तुम्ही 'दिसतंय' म्हणून ओरडत असताना. आता तिच्या पोटाला किरण द्यावे लागतात. ती मला विचारते, मी काय केलं म्हणून? काय सांगू मी तिला? तुम्ही सांगा!"

तो गृहस्थ खाली बसला.

"माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे," ती हळू आवाजात म्हणाली, कारण तिला आता ओरडवेना. "घाबरलात तर घाबरा. आम्हीही घाबरलो. रडा, देवाला हाक मारायची असेल तर मारा. पण कोणी म्हणालं की गाठ काढली, तर म्हणा, चला, तपासून बघू. खरा असेल तो पुढे होईल. खोटा असेल त्याला तपासणीचं नाव काढताच राग येईल. एवढी एक गोष्ट आम्ही विचारली असती, तर माझ्या पोरीच्या पोटात रक्त सांडलं नसतं."

लोक उठू लागले. काही जण तिच्याकडे रागाने पाहत गेले, जणू तिनेच त्यांचं काही हिरावून घेतलं होतं. शेवटी एक बाई जागची हलली नाही. तिच्या मांडीवर दोनेक वर्षांचा मुलगा झोपला होता, त्याचा सदरा पोटावर एका बाजूला वर आला होता.

"आम्हाला डॉक्टरांनी लगेच यायला सांगितलं होतं," ती बाई म्हणाली. "हातवाले म्हणाले, घाई नको, मोठी गाठ आहे, अजून दोन-तीन रविवार समजवावं लागेल. त्यांनी सांगितलं म्हणून थांबलोय."

आईने वाकून मुलाला अलगद उचललं, पोटाला हाताचा भार लागणार नाही अशा बेताने.

"गाठ थांबलेली नाही, बाई," ती म्हणाली. "उठा. आत्ता जायचं."